एडिस्टनचे चार मनोरे आणि त्यांत दिवा लावणारी माणसं

खारावारा

मंडळी, गेल्या महिन्यात लेकीकडे इंग्लंडात प्लिमथला जाऊन आले. तिथे समुद्रकाठी एक मोठं हिरवं टेकाड आहे, त्याला नुसतं 'हो' म्हणतात. त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मनोरा उभा आहे, स्मीटनचा मनोरा. वर जायला ९३ पायऱ्या, त्यातल्या काही तर सरळ शिड्याच. लेक नको म्हणत होती, पण मी चढले.

वर दिव्याच्या खोलीत काचेला नाक लावून उभी होते. दिवस स्वच्छ होता. दूर समुद्रात एक काडी दिसत होती. दुर्बीण लावली तर काडीच्या शेजारी एक ठेंगणा खुंट. तिथला माणूस म्हणाला, ती काडी म्हणजे आजचं एडिस्टनचं दीपगृह, आणि खुंट म्हणजे तुम्ही आत्ता ज्यात उभ्या आहात त्याच मनोऱ्याचा तळ. वरचा भाग सोडवून इथे आणून उभा केला, तळ तिथेच राहिला. एकच मनोरा २२ किलोमीटरच्या अंतरावर दोन जागी उभा आहे! मला तिथून हलवेना.

परत आल्यावर मिळेल ते वाचत सुटले. थोडक्यात असं:

एडिस्टन म्हणजे भर समुद्रातले खडक. भरतीला जवळजवळ सगळे पाण्याखाली जातात, त्यामुळे प्लिमथला येणारी-जाणारी जहाजं तिथे आपटून फुटत. हेन्री विन्स्टनली नावाच्या माणसाने तिथे पहिला मनोरा बांधला, १६९८ मध्ये दिवा लागला. १७०३ च्या महावादळात मनोरा गेला, आणि त्या रात्री विन्स्टनली स्वतः आत होता, तोही गेला. मग जॉन रुडयर्डचा लाकडी मनोरा, तो १७५५ मध्ये जळाला. तिसरा जॉन स्मीटनचा दगडी, १७५९ चा. चौथा जेम्स डग्लसचा, १८८२ पासून आजतागायत उभा.

आता माझा प्रश्न. या चारही मनोऱ्यांना बांधणाऱ्यांची नावं आहेत. विन्स्टनलीचा, रुडयर्डचा, स्मीटनचा, डग्लसचा. पण पावणेतीनशेहून अधिक वर्षं रोज संध्याकाळी तिथे दिवा कोण लावत होतं? बांधायला दोन-चार वर्षं लागली, राखायला आयुष्यं गेली. ती माणसं कोण होती, कशी राहत होती, हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा. आणि आपल्याकडच्या दीपगृहांवर कुणाच्या घरचं कुणी होतं का?

प्राजक्ता_कु

मस्त धागा! वाचतेय. दोन जागी उभा असलेला मनोरा ही कल्पनाच भारी.

दगडोबा

खारावाराताई, तुम्ही माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातलात. प्रश्न माणसांचा आहे हे कळतंय, पण दगडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

स्मीटन मूळचा लीड्सजवळचा, धंद्याने उपकरणं बनवणारा. हे काम अंगावर घेतलं तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेली. त्याने मनोऱ्याचा आकार ओक झाडाच्या बुंध्यावरून घेतला, तळाशी रुंद आणि वर निमुळता. बाहेरून ग्रॅनाइट, आत पोर्टलंडचा दगड. प्रत्येक दगड शेजारच्या दगडात आणि खालच्या खडकात डव्हटेल सांध्याने अडकवलेला. सुतार खणाच्या कोपऱ्याला करतात तोच सांधा, फक्त टनाटनाच्या दगडांत. एक दगड ओढायचा तर सगळा थर ओढावा लागेल.

खरी गंमत चुन्याची. आपला साधा चुना हवेत कडक होतो, पाण्याखाली नाही. एडिस्टनला तर दोन भरत्यांच्या मधल्या वेळात दगड बसवायचा आणि लगेच त्यावर समुद्र येणार. स्मीटनने वेगवेगळ्या ठिकाणचे चुनखडक आणून भाजून पाहिले आणि त्याच्या लक्षात आलं की ज्या चुनखडीत मातीचा अंश आहे तिचाच चुना पाण्यात धरतो. मग वेल्समधल्या ॲबरथॉचा चुना आणि इटलीतली ज्वालामुखीची राख समसमान घेऊन त्याने मसाला केला. आपल्याकडे चुन्याच्या घाण्यात चुना मळताना विटांची भुकटी, म्हणजे सुरखी घालतात ना, ती नेमकं हेच काम करते. आपल्या गवंड्यांना हे हातानं ठाऊक होतं, स्मीटनने ते प्रयोग करून कागदावर मांडलं. पुढे १८२४ मध्ये ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, तिथवरची वाट इथून जाते.

आणि एक. समुद्राने स्मीटनचा मनोरा हरवला असं कुणी म्हणू नये. मनोरा शाबूत होता, त्याच्या खालचा खडक लाटांनी पोखरला. मोठी लाट आली की सगळं हादरायचं, म्हणून १८७७ मध्ये नवा बांधायचं ठरलं. तळाचा खुंट तिथेच का राहिला? तो इतका घट्ट बसला होता की काढण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

गलबत

माणसांकडे येतो. एडिस्टनच्या राखणदारांपैकी एकाचं नाव मात्र जगाला ठाऊक आहे, हेन्री हॉल. पण कशामुळे ठाऊक आहे ते ऐका.

२ डिसेंबर १७५५ ची रात्र. रुडयर्डचा मनोरा बाहेरून सगळा लाकडी, जहाजासारखा फळ्या जोडून केलेला. ४७ वर्षं मेणबत्त्यांच्या धगीने वाळलेलं ते लाकूड माथ्यावर पेटलं. पाळीवर होता हॉल, वय ९४. खाली झोपलेल्या दोघांना हाका मारत तो बादलीने वर पाणी फेकत राहिला. छतावर शिशाचा पत्रा होता, तो वितळून खाली सांडू लागला आणि वर तोंड करून पाणी फेकणाऱ्या हॉलच्या अंगावर, तोंडात गेला. आग वरून खाली येत होती, तसे तिघे मजल्यामागून मजला सोडत खाली उतरले आणि शेवटी खडकाच्या कपारीत जाऊन बसले. सकाळी किनाऱ्यावरून धूर दिसला, होडी आली, दोर टाकून त्यांना पाण्यातून ओढून घेतलं.

किनाऱ्याला लागल्यावर तिघांपैकी एक जण जो पळत सुटला तो पुन्हा कधीच कुणाला दिसला नाही, असं स्मीटनने लिहून ठेवलंय. हॉल सांगत राहिला की माझ्या पोटात शिसं गेलंय. कुणी विश्वास ठेवला नाही. काही दिवसांनी तो वारला.

शंकेखोर_नाना

९४ वर्षांचा माणूस भर समुद्रात नोकरीला? आणि उकळतं शिसं गिळून काही दिवस जगला? गलबत, रागावू नका, पण हे काही पचनी पडत नाही.

गलबत

नाना, रागावतो कशाला. तुमच्यासारखीच शंका लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेलाही आली होती. हॉलवर उपचार करणारे प्लिमथचे डॉक्टर एडवर्ड स्प्राय यांनी मेल्यानंतर त्याचं पोट उघडलं, तर आत शिशाचा चपटा गोळा. सात औंसांहून थोडा जास्त, म्हणजे पाव किलोच्या आत-बाहेर. सोसायटीने त्यांना खोटं ठरवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी कुत्र्या-कोंबड्यांच्या घशात वितळलेलं शिसं ओतून ते काही काळ जगतात हे दाखवलं. प्रयोग अत्यंत क्रूर, पण म्हाताऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. तो शिशाचा गोळा आज एडिनबरात, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे.

वयाबद्दल म्हणाल तर त्या काळच्या नोंदी ९४ च सांगतात.

प्राजक्ता_कु

बापरे. वाचूनच घसा कोरडा पडला. बिचारा मरेपर्यंत खरं सांगत होता आणि कुणाला पटेना.

सायली_द

मला तो पळून गेलेला माणूस डोक्यातून जात नाहीये. रात्रभर गार पाण्यात, डोक्यावर आग. किनाऱ्याला पाय लागताच माणूस पळणारच. त्याचा शोध घेतला नाही कुणी? त्यानेच आग लावली असं नाही ना वाटलं लोकांना?

गलबत

सायली, पळाल्यामुळे संशय आला खरा. पण स्मीटनने त्याला दोष दिलेला नाही. आग स्वतःच्या हाताने लावायची आणि पळायला भोवती फक्त समुद्र, असं कोण करेल, असा त्याचा रोख होता. घाबरून सुटला असणार.

मिठागर

राखणदारांबद्दल एक गोष्ट मला माहीत आहे. पूर्वी दीपगृहावर दोनच माणसं असत. एकदा एक जण आत मेला. आता प्रेत समुद्रात टाकावं तर लोक म्हणणार यानेच मारलं. म्हणून दुसऱ्याने होडी येईपर्यंत ते प्रेत तसंच जपून ठेवलं. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी तीन माणसं नेमायची रीत पडली. ही गोष्ट वेल्सच्या किनाऱ्यावरच्या स्मॉल्स दीपगृहाची, साल १८०१ च्या आसपास. माणसांची नावं हॉवेल आणि ग्रिफिथ. एडिस्टनची नाही.

गलबत

मिठागर, स्मॉल्सची गोष्ट खरी आहे. पण 'एडिस्टनची नाही' याला माझा आक्षेप. स्मीटनने १७९१ मध्ये आपल्या कामाची सविस्तर हकीगत छापली, त्यात रुडयर्डच्या मनोऱ्यावर अगदी असंच घडल्याचं लिहिलंय. जोडीदार मेला, जिवंत राहिलेल्याला खुनाच्या आळाची भीती, महिनाभर होडी लागेना. लोक पोहोचले तेव्हा दुर्गंधीने आत जाववत नव्हतं. म्हणून तिथे तिसरा माणूस आला. हे १८०१ च्या कितीतरी आधीचं. म्हणजे एडिस्टनवर धडा मिळाला होता आणि स्मॉल्सवर तो पुन्हा एका माणसाच्या हालांतून शिकावा लागला.

मिठागर

हे माहीत नव्हतं. दुरुस्ती मान्य. हॉलच्या वेळी तिघे होते ते त्यामुळेच तर.

अण्णा_थळकर

इतके दिवस नुसता वाचक आहे, हा धागा बघून लिहावंसं वाटलं.

माझे आजोबा खांदेरीच्या दीपगृहावर होते. थळच्या समोरचं बेट. १६७९ मध्ये महाराजांनी तिथे तट बांधायला घेतला, इंग्रज आणि सिद्दी दोघांनी जंग जंग पछाडलं, तरी काम झालं. शेजारची उंदेरी मग सिद्दीने बळकावली. हे सगळ्यांना ठाऊक असतं. किल्ला आता जागतिक वारशाच्या यादीतही गेलाय. पण त्याच बेटावर टेकडीच्या माथ्यावर १८६७ पासून अष्टकोनी दीपगृह आहे, ते कुणाच्या लेखी नसतं. लोक येतात, वेताळाच्या देवळात जातात, दगडावर दगड आपटून भांड्यासारखा आवाज काढतात आणि फोटो काढून परततात.

आजोबांच्या वेळचं सांगतो. दिवा रॉकेलचा. हाताने पंप मारून हवा भरायची, रॉकेलची वाफ व्हायची आणि जाळीच्या मॅन्टलवर जळायची. पेट्रोमॅक्सचा थोरला भाऊच म्हणा. भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र आणि त्याला टांगलेलं वजन. वजन हळूहळू खाली यायचं, तळाला टेकायच्या आत पुन्हा वर ओढायचं. रात्रभर पाळ्या. काचा रोज पुसायच्या. पावसाळ्यात खाऱ्या पाण्याचा थर बसायचा काचेवर, तो पुसायला बाहेरच्या सज्जात उभं राहायचं, वाऱ्यात.

बोट वेळेवर आली तर भाजी. नाहीतर तांदूळ, कांदा, सुके बोंबील. आजी थळला अंगणातून बघायची. दिवा फिरताना दिसला की म्हणायची, "हायेत." एवढंच. मग जेवायला बसायची.

खारावारा

अण्णा, हेच हवं होतं मला. "हायेत." वाचून डोळे भरून आले. अजून लिहा ना, जे आठवेल ते.

भरतीओहोटी

अण्णा, फार सुंदर.

माझं लहानपण कुलाब्याला नेव्ही नगरात गेलं. गॅलरीतून प्राँग्जचा दिवा दिसायचा. मुंबईच्या अगदी दक्षिण टोकाच्या खडकांवरचा मनोरा, ४१ मीटर उंच, तांबडे-पांढरे-काळे पट्टे. मोठ्या ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं, पण पाणी फिरायच्या आत परतायचं. एकदा बाबांबरोबर गेले होते. शेवाळावरून घसरून गुडघा फुटला होता, त्याचा व्रण अजून आहे.

ताईंच्या मुद्द्याशी जुळणारी गोष्ट म्हणजे प्राँग्ज १८७५ मध्ये थॉमस ऑर्मिस्टनने बांधला आणि खर्च आला ६,२०,२५५ रुपये. वरच्या २५५ रुपयांसकट आकडा ठाऊक आहे. पण पहिल्या रात्री तिथे दिवा कुणी लावला, हे मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

शब्दवेडा

अवांतर: इंग्रजीत 'कीपर' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं? दीपगृहरक्षक फार सरकारी वाटतं. दीपपाल कसा आहे?

प्राजक्ता_कु

दीपपाल म्हटलं की पाल दिसते भिंतीवरची, दिव्याशेजारी टपून बसलेली. :-)

शब्दवेडा

हाहा, घ्या! बाद. मशालजी? दिवट्या?

आजीचा_कंदील

दिवट्या नको. कार्ट्याने प्रताप केले की "दिवटा निघाला" म्हणतो आपण. वास्तविक शब्द किती छान होता, अंधारात दिवटी धरून पुढे चालणारा.

आमच्या घरी जुनी माणसं दीपगृहाला दांडीच म्हणत. कुलाब्याची दांडी. दीपदांडी हा शब्द मला दीपस्तंभापेक्षा आवडतो. दीपस्तंभ आता फक्त श्रद्धांजलीच्या फलकांवर उरलाय.

अण्णा_थळकर

आजोबांना गावात सगळे बत्तीवाले म्हणत. आम्हाला बत्तीवाल्यांची नातवंडं.

शब्दवेडा

ठरलं. बत्तीवाले. यापुढे धाग्यात हाच शब्द वापरावा ही विनंती.

अर्थपूर्ण

थोडं पैशाचं बोलतो. दीपगृहाचा उजेड एकाला दाखवून दुसऱ्यापासून लपवता येत नाही, मग पैसे कोण देणार? म्हणून हे काम सरकारनेच करायचं असतं, असं अर्थशास्त्राच्या वर्गात हमखास शिकवतात. १९७४ मध्ये रोनल्ड कोज या अर्थतज्ज्ञाने दाखवून दिलं की इंग्लंडात शेकडो वर्षं खाजगी लोक दीपगृहं चालवत होते. एडिस्टनचंच बघा. रुडयर्डचा मनोरा कॅप्टन लव्हेट नावाच्या माणसाने ९९ वर्षांच्या पट्ट्यावर घेतला होता आणि जवळून जाणाऱ्या जहाजांकडून टनामागे एक पेनी घ्यायचा हक्क त्याला कायद्याने मिळाला होता. वसुली बंदरात व्हायची. पट्टा संपला १८०७ मध्ये, तेव्हा ते ट्रिनिटी हाउसकडे, म्हणजे इंग्लंडातली दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं.

थोडक्यात, दिवा विझला की उत्पन्न बुडालं. स्मीटनला १७५६ मध्ये एवढ्या घाईने गाठलं त्यात माणुसकीइतकाच पट्टेदारांचा धंदाही होता. आपल्याकडेही १९२७ च्या दीपगृह कायद्यात जहाजांकडून दीपशुल्क घ्यायची तरतूद होती.

दगडोबा

अर्थपूर्ण, धंदा होता हे कबूल. पण विन्स्टनलीला त्यात बसवू नका. त्याची स्वतःची जहाजं त्या खडकांवर फुटली, म्हणून तो पेटून उठला. बांधकाम चालू असताना, १६९७ मध्ये, एका फ्रेंच लुटारू जहाजाने त्याला पकडून नेलं. इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू होतं. पण चौदाव्या लुईने त्याला सोडून दिलं, कारण युद्ध इंग्लंडशी आहे, माणुसकीशी नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. उजेड दोन्ही देशांच्या जहाजांना लागणारच होता.

अर्थपूर्ण

विन्स्टनलीबद्दल मान्य. त्याचा दिवा होता त्या पाच वर्षांत तिथे एकही जहाज फुटलं नाही, आणि मनोरा वाहून गेल्यावर लगेचच व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन आलेलं जहाज त्याच खडकांवर गेलं. याहून वेगळा हिशेब मांडायची गरज नाही.

सातासमुद्री

मी तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. एडिस्टन कितीदा पाहिला त्याची मोजदाद नाही. दहा सेकंदांत दोन पांढरे झोत, ही त्याची ओळख. जगातल्या प्रत्येक दिव्याची अशी चाल ठरलेली असते, नकाशावर लिहिलेली असते. शिवाय हँड डीप्स नावाचे बुडीत खडक आहेत जवळ, त्यांच्या दिशेला वेगळा लाल दिवा. लाल दिसला की समजायचं, आपण नको तिथे आहोत.

तरुण पोरं विचारतात, जीपीएस असताना दिव्यांची गरज काय? मी सांगतो, पडद्यावरचा ठिपका चुकतोय हे कळायला खिडकीबाहेर काहीतरी खरं लागतं.

माणसांबद्दल मात्र माझं मत इथल्या सुराहून वेगळं आहे. एडिस्टनचा दिवा १८ मे १९८२ ला बत्तीवाल्यांविना चालू लागला, डग्लसचा दिवा लागला त्याला त्या दिवशी बरोबर १०० वर्षं झाली. समुद्रातल्या मनोऱ्यांत स्वयंचलित झालेला ट्रिनिटी हाउसचा तो पहिलाच. इंग्लंडातले शेवटचे बत्तीवाले १९९८ मध्ये नॉर्थ फोरलँडवरून गेले. लोक हळहळतात. मी नाही हळहळत. गोल भिंतीला धरून केलेल्या वाकड्या पलंगावर झोपायचं, महिने मोजायचे, वादळ आलं की बदली लांबायची, आणि घरी बायको एकटी. हे काम यंत्राने घेतलं ते चांगलंच झालं. मी जहाजावर असताना आई गेली. मला अकरा दिवसांनी पोहोचता आलं.

सायली_द

सातासमुद्री काका, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण सगळ्यांना तो तुरुंगच वाटत असेल का?

गलबत

सायली, याचं उत्तरही स्मीटनच्या हकीगतीत आहे. एक चांभार एडिस्टनवर बत्तीवाला म्हणून निघाला होता. होडीवाल्याने विचारलं, बाबा रे, किनाऱ्यावर बसून जोडे शिवून एवढेच पैसे मिळत असताना इथे कशाला कोंडून घेतोस? तो म्हणाला, मला कोंडून राहणं आवडत नाही म्हणूनच तर चाललोय. दिवसभर एका जागी वाकून जोडे शिवणं हाच त्याला कोंडमारा वाटत होता. मनोऱ्यावर निदान चारी दिशा मोकळ्या.

काकांचं दुःख खरं, आणि त्या चांभाराचं सुखही खरंच असणार.

सातासमुद्री

चांभाराला माझा नमस्कार सांगा. पहाटे चार ते आठची पाळी एकट्याने केली असेल त्यालाच हे कळेल. मी 'नाही हळहळत' लिहिलं खरं, पण १९८२ नंतर पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा झोत तोच होता, तरी मी दुर्बीण लावून सज्जात कुणी दिसतंय का ते बघत होतो.

गोंयकार_बाब

आमच्याकडे आग्वादच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचा १८६४ चा मनोरा आहे. १९७६ मध्ये तो बंद झाला, शेजारी नवा आला. जुना अजून दिमाखात उभा. लोक त्याच्यासमोर लग्नाआधीचे फोटो काढतात. बत्तीवाल्यांचं नाव तिथेही कुणी घेत नाही.

शंकेखोर_नाना

मघाशी हॉलवर शंका घेतली त्याची भरपाई म्हणून थोडं वाचून आलो. प्रश्न पडला होता की मेणबत्त्यांचा दिवा रात्रभर राखायचा म्हणजे नेमकं करायचं काय? स्मीटनच्या मनोऱ्यात २४ मेणबत्त्यांचं झुंबर होतं. मेणबत्तीची वात वाढली की काजळी धरते, उजेड मंदावतो, काचा काळवंडतात. म्हणून दर थोड्या वेळाने प्रत्येक वातीची काजळी कातरायची. स्मीटनने तिथे एक घड्याळ बसवलं होतं, दर अर्ध्या तासाला एक टोला द्यायचं. टोला पडला की उठायचं आणि २४ वाती साफ करायच्या. १८१० मध्ये तेलाचे दिवे येईपर्यंत, म्हणजे अर्धशतक, हेच. हिवाळ्यातली तिथली रात्र पंधरा-सोळा तासांची. हिशेब करा, एका रात्रीत सातशेहून अधिक वेळा कात्री.

खारावारा

नाना, हे मला हवं असलेलं उत्तर. वर त्या खोलीत मी झुंबर पाहिलं होतं, पण नुसतं "वा, सुंदर" म्हणून पुढे गेले. कुणीतरी अर्ध्या अर्ध्या तासाने त्याच्याखाली उभं राहत होतं हे मनात आलंच नाही.

दगडोबा

ताई, तुमच्या मूळ प्रश्नावर परत येतो. स्मीटनने मनोऱ्यावर दोन लेख कोरून घेतले. एक बायबलमधलं वचन, देव घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ. दुसरा अगदी वर, दिव्याच्या खोलीच्या दारावर, २४ ऑगस्ट १७५९ ही तारीख आणि लॅटिनमध्ये 'देवाची स्तुती असो'. दोन्हींत त्याचं स्वतःचं नाव नाही. मनोऱ्याला त्याचं नाव आपण दिलं.

आणि मजुरांचंही सांगायला हवं. त्यात कॉर्नवॉलचे कथलाच्या खाणींतले कामगार होते. त्या काळी नौदलवाले दिसेल त्या तरण्या माणसाला पकडून जहाजावर वेठीला जुंपत. एडिस्टनच्या मजुरांना कुणी उचलू नये म्हणून प्रत्येकाला एक पदक करून दिलं होतं, ते दाखवलं की सुटका. मला तरी हे पदक राजाच्या मानचिन्हापेक्षा मोठं वाटतं.

खारावारा

दगडोबा, मनोऱ्यांना नावं आपण दिली हे पटलं. आता ओझं आपल्यावरच आलं. विन्स्टनलीबरोबर त्या रात्री मनोऱ्यात बत्तीवाले आणि कामगारही होते, ते सगळे गेले. सांगताना मात्र "विन्स्टनली मनोऱ्यासकट वाहून गेला" असंच आपण सांगतो. मीही वर तसंच लिहिलं. त्यांच्यासाठी तीनशे वर्षांनी काही करता येणार नाही. पण अण्णा, खांदेरीवर तुमच्या आजोबांच्या बरोबर जे होते त्यांची नावं घरात कुणाला आठवतात का? विचाराल?

भरतीओहोटी

अगदी हेच विचारणार होते. अण्णा, आताच विचारून ठेवा.

अण्णा_थळकर

आत्याला फोन केला. ती ८६ वर्षांची आहे, कानाला कमी ऐकू येतं, तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग मात्र पाऊण तास बोलत होती.

चौघांची पूर्ण नावं आठवली, बापाच्या नावासकट. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय इथे लिहीत नाही, पण वहीत उतरवून घेतली आहेत. दोघांची फक्त आडनावं. एक जण रत्नागिरीकडचा होता, त्याचं नाव काही केल्या आठवेना. "तुझ्या आजोबांना ताप होता तेव्हा सलग पाच रात्री त्यानेच बत्ती केली," म्हणाली, "आणि भाकऱ्या अशा करायचा की आम्हा बायकांना लाज वाटावी." फोन ठेवल्यावर तासाभराने तिचाच परत फोन आला. मला वाटलं नाव आठवलं. तर म्हणाली, तो तांदळाच्या करायचा, नाचणीच्या नाही, तेवढं नीट लिही.